यमुनेच्या काठची सफर

'सफारी' हा शब्द स्वाहिली भाषेतून जगभर गेला. त्याचे मूळ अरबी असून मराठीतील 'सफर' त्याच कुळातील होय. आफ्रिकेत, आजच्या झांबियातील लुआंग्वा नदीच्या खोऱ्यात, नॉर्मन कार यांनी १९५० च्या सुमारास पर्यटकांना वन्य प्राणी दाखविण्याचा उपक्रम सुरू केला व पायी सफारीची प्रथा तेथे रुजविली. कोरड्या ऋतूत तेथील प्राणी उरलेल्या पाण्याजवळ गोळा होतात. म्हणून पाणी कोठे आणि किती आहे, हे जाणणे हा अशा निरीक्षणाचा पहिला धडा ठरतो.

हाच धडा नोएडातही गिरविता येतो. ओखला येथे यमुनेवर बांधलेल्या बंधाऱ्यामुळे मागे पाणी तुंबले आणि पाणपक्ष्यांना आश्रय मिळाला. १९९० साली उत्तर प्रदेश शासनाने हा सुमारे चार चौरस किलोमीटरचा प्रदेश पक्षी अभयारण्य म्हणून घोषित केला. येथे तीनशेहून अधिक जातींच्या पक्ष्यांची नोंद झालेली आहे.

ऑक्टोबरपासून मार्चपर्यंतचा काळ पाहणीस उत्तम. नोएडा नदीच्या पूर्वेस असल्याने सकाळी या काठावर उभे राहिले असता सूर्य पाठीशी राहतो व पक्ष्यांचे रंग स्पष्ट दिसतात. जाणकार निरीक्षक पक्ष्यांवरून पाण्याची खोली ओळखतो. लांब तांबड्या पायांचा शेकाट्या उथळ पाण्यात चालत भक्ष्य टिपतो. थापट्या आपल्या पसरट चोचीने पृष्ठभागावरचे पाणी गाळतो. तलवार बदक शेपटी वर करून, डोके बुडवून तळातील खाद्य शोधते. लालसरी मात्र पूर्ण बुडी मारते. तिला अधिक खोल पाणी लागते. जांभळी पाणकोंबडी पाणकणसाच्या दाटीत वावरते.

यावरून एक गोष्ट ध्यानात येईल. पाणी फार चढले तर शेकाट्यास उभे राहण्यास जागा उरत नाही. फार उतरले तर बुडी मारणारी बदके निघून जातात. बंधाऱ्याचे दरवाजे मात्र मुख्यतः कालव्याच्या व पुराच्या गरजेनुसार चालतात. शिवाय कोरड्या ऋतूत दिल्लीखालच्या यमुनेत सांडपाण्याचाच भरणा अधिक असतो. मनुष्याने आपल्या सोयीसाठी अडविलेल्या पाण्यातच हे अभयारण्य जन्मले आणि त्याच सोयीवर ते आजही अवलंबून आहे.

शहराने त्यास तिन्ही बाजूंनी वेढले आहे. २०१५ साली केंद्र शासनाने अभयारण्याभोवती संवेदनशील क्षेत्र निश्चित केले. नोएडाच्या बाजूस त्याची रुंदी केवळ शंभर मीटर आहे. उंच इमारती तेथून स्पष्ट दिसतात.

म्हणून दुर्बिणीबरोबर एक वहीही न्यावी. तारीख, पाण्याची पातळी आणि दिसलेले पक्षी यांची नोंद प्रत्येक भेटीत करावी. एका दिवसाची नोंद किरकोळ वाटेल. परंतु अनेक वर्षांच्या नोंदी एकत्र ठेवल्या, म्हणजे कोणता पक्षी येईनासा झाला आणि का, हे त्यांवरूनच कळू शकते.