कवितेचे गाणे आणि गाण्याचे धैर्य

प्राथमिक शाळेच्या वेळापत्रकात कवितेचा तास हा मुलांना सर्वांत प्रिय असा तास असावयास हवा. पुष्कळ शाळांत मात्र तो सर्वांत मुका तास झालेला आढळतो. शिक्षक कविता एकवार वाचतात, कठीण शब्दांचे अर्थ फळ्यावर लिहितात, मुले ते वहीत उतरवून घेतात आणि प्रश्नोत्तरांनी तास संपतो. कवितेचा अर्थ मुलांच्या वहीत जातो; कविता मात्र पुस्तकातच राहते. याचे कारण विचारले असता बहुधा एकच उत्तर मिळते : "आवाज चांगला नाही, पेटी येत नाही, मग गावे कसे?" या उत्तरात शिक्षकाचा प्रामाणिकपणा आहे, पण त्यात दोन गैरसमजही आहेत. कवितेला चाल लावणे हे संगीततज्ज्ञाचेच काम आहे, हा पहिला. आणि गाण्याचे धैर्य काही थोड्यांनाच जन्मतः मिळते, हा दुसरा. या दोन्हींचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

गावात गाणारे मूल शाळेत गप्प का?

राजापूर तालुक्यातील कोणत्याही वाडीत शिमग्याच्या दिवसांत जावे. पालखी अंगणात येते, नमन-खेळ्यांचा मृदंग वाजू लागतो, गण आणि गवळण रंगते, संकासूर पोरांच्या मागे धावतो. गौरी-गणपतीत जाखडीचा फेर धरला जातो. मध्यभागी गाणारे व वाजविणारे बसतात आणि त्यांच्याभोवती पायांत चाळ बांधलेली मंडळी एका ठेक्यावर नाचतात. शक्तिवाले आणि तुरेवाले यांचे सवाल-जबाब रात्र रात्र चालतात. या मेळ्यांत चौथी-पाचवीतील मुलगा झांज धरून झीलकऱ्यांत उभा असतो आणि साऱ्या गावासमोर न डगमगता झील ओढतो. तोच मुलगा सोमवारी वर्गात कविता म्हणण्यास उठविला की खाली मान घालतो.

याचा अर्थ असा की, त्याच्या ठिकाणी गाण्याचे धैर्य आहे. ते शाळेच्या उंबरठ्याबाहेर राहते. मेळ्यात तो एकटा नसतो, त्याचा ठेका मृदंग सांभाळतो, त्याचे चुकलेले कोणी मोजीत नाही आणि मोठी माणसे त्याच्याबरोबरच गातात. वर्गात यांपैकी एकही गोष्ट नसते. तेथे तो एकटा उभा असतो, ठेका नसतो, सर्वांचे डोळे त्याच्यावर असतात आणि शिक्षक स्वतः गात नसतात.

मुलींच्या बाबतीत हा प्रश्न अधिक गंभीर आहे. नमन व जाखडी ही परंपरेने पुरुषांची क्षेत्रे होत. गवळणीचे सोंगसुद्धा पुरुषच घेत आले. अलीकडे काही ठिकाणी महिलांचे मेळे उभे राहिले आहेत. तथापि बहुतेक मुलींचे गाणे गौरीच्या फुगड्यांपुरते आणि घराच्या ओटीपुरतेच असते. चार लोकांसमोर उभे राहून आपला आवाज ऐकविण्याची संधी अशा मुलीला शाळेखेरीज अन्यत्र क्वचितच मिळते. शाळेने ती दिली नाही, तर ती तिला कदाचित मिळणारच नाही. कवितेच्या तासाचे खरे महत्त्व येथे आहे. जी मुलगी आज कविता मोकळ्या गळ्याने म्हणेल, ती उद्या ग्रामसभेत आपले म्हणणे मांडण्यास कमी बिचकेल.

मराठी कविता गाऊनच टिकली

छापखाना येण्यापूर्वी मराठी कविता बहुतांशी कानांनीच वाचली जात असे. अभंग भजनातून, ओवी जात्यावरून, पोवाडा डफावर आणि मोरोपंतांची आर्या कीर्तनकाराच्या मुखातून लोकांपर्यंत पोहोचली. जात्यावर बसणाऱ्या स्त्रियांनी कोणत्याही शाळेत गायन शिकले नव्हते. तरीही महाराष्ट्रातील गावोगावच्या स्त्रियांकडून अभ्यासकांनी संकलित केलेल्या जात्यावरील ओव्यांची संख्या एक लाखाच्या वर गेली आहे. खानदेशातील बहिणाबाई चौधरी यांना अक्षरओळख नव्हती. घरकाम व शेतकाम करताना त्या आपली गाणी रचीत आणि गात. त्यांच्या निधनानंतर १९५२ साली ती पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली आणि मराठी साहित्यात त्यांना मानाचे स्थान मिळाले.

विसाव्या शतकात छापील कविताही पुन्हा गळ्यावर आली. १९२३ साली पुण्यात स्थापन झालेल्या रविकिरण मंडळातील यशवंत, गिरीश आदी कवी आपल्या कविता सभांतून गाऊन दाखवीत. पुढे गजाननराव वाटवे यांच्यासारख्या गायकांनी कवींच्या रचनांना साध्या, शब्दप्रधान चाली लावल्या आणि भावगीत घराघरांत गेले. १९५५-५६ मध्ये पुणे आकाशवाणीवरून ग. दि. माडगूळकरांचे 'गीतरामायण' सुधीर फडके यांच्या संगीतात दर आठवड्यास प्रसारित झाले. त्यातील ५६ गीते ऐकणाऱ्यांच्या ओठांवर बसली. महाराष्ट्र शासनाने २०२३ साली राज्यगीत म्हणून स्वीकारलेले गीतही कवी राजा बढे यांची कविताच होय. श्रीनिवास खळे यांनी तिला चाल दिली, शाहीर साबळे यांनी ती गायिली आणि आज ती शाळाशाळांतून म्हटली जाते. चाल मिळाली म्हणजे कविता किती दूर जाते, याचे याहून जवळचे उदाहरण शोधावे लागणार नाही.

चाल वृत्तातच असते

चाल शोधण्याचा पहिला मार्ग कवितेच्या मात्रा मोजण्याचा आहे. ऱ्हस्व अक्षराची एक मात्रा, दीर्घाची दोन, आणि जोडाक्षरापूर्वीच्या ऱ्हस्वावर आघात येत असल्यास त्याचीही दोन, एवढे शिक्षकांस विदित आहेच. माधव ज्यूलियन यांनी 'छंदोरचना' या ग्रंथात मराठी वृत्तांची व्यवस्था विस्ताराने मांडली आहे. तथापि वर्गापुरते पुढील ज्ञान पुरेसे होईल.

पादाकुलकासारख्या वृत्तात ओळीच्या १६ मात्रा येतात व त्या आठ-आठांच्या दोन भागांत पडतात. ८ मात्रांचा केरवा त्यास आपोआप जुळतो. मोठ्या अभंगाच्या चरणांत ६, ६, ६ व ४ अक्षरे असतात. तो भजनी ठेक्यात बसतो आणि त्याच्या चाली प्रत्येक वाडीतील भजनी मंडळास पाठ असतात. भुजंगप्रयातात लघु-गुरु-गुरु असा गण चार वेळा येतो. समर्थांचे मनाचे श्लोक याच वृत्तात असल्यामुळे त्या वृत्तातील कोणतीही नवी कविता त्या परिचित चालीवर म्हणता येते. हाच दुसरा मार्ग होय : ओळखीच्या चालीचा आधार घेणे. जाखडीचे शाहीर व भजनी बुवा नेमके हेच करतात. परिचित चालीवर ते नवे शब्द बसवितात. शिक्षकाने शब्द कवीचे घ्यावेत आणि चाल गावाची घ्यावी.

उदाहरणादाखल या पुस्तिकेसाठी रचलेल्या पुढील चार ओळी पाहाव्यात :

सरसर आली | सर कौलांवर
वाहू लागे | ओढा भरभर
चिंब भिजे हा | कातळ काळा
दप्तर पोटी, | गाठू शाळा

प्रत्येक ओळीत ८ + ८ मात्रा आहेत. प्रथम चाल मुळीच लावू नये. मुलांनी दर चौथ्या मात्रेनंतर पडेल अशी टाळी देत ओळ नुसती म्हणावी. पहिल्या ओळीत 'सरसर', 'आली', 'सर कौ', 'लांवर' असे चार तुकडे पडतात व प्रत्येकाच्या आरंभी टाळी येते. ठेका पक्का झाला म्हणजे स्वर द्यावेत. पहिली ओळ : सा सा रे रे, ग – ग –, प प ग –, रे – सा सा. दुसरी ओळ : ग – ग –, प – प –, ध – प –, ग ग रे सा. तिसऱ्या व चौथ्या ओळीस हीच जोडी पुन्हा वापरावी. कोठे एका अक्षरावर दोन स्वर अथवा दोन अक्षरांवर एकच स्वर आला तरी ठेका बिघडत नाही. यात सा, रे, ग, प, ध हे भूप रागाचे पाचच स्वर आहेत, उडी मोठी नाही आणि ओळ खाली सुरू होऊन खालीच येते. लहान मुलांच्या चालीस एवढे पुरे.

'बेसूर' मूल बहुधा बेसूर नसते

मुलांचा स्वरयंत्राचा आकार लहान व स्वरतंतू आखूड असल्याने त्यांचा आवाज उंच असतो. पुरुष शिक्षकाचा आवाज त्याहून सुमारे एक सप्तक खाली असतो. शिक्षकाने आपल्या सोयीच्या खालच्या स्वरात गाणे सुरू केले म्हणजे काही मुले तो स्वर तसाच खाली गाठावयास पाहतात, गळा दबतो आणि आवाज घोगरा होतो. मग त्या मुलास 'बेसूर' म्हटले जाते. वस्तुतः दोष स्वर देण्यात असतो. यावर उपाय सोपा आहे. ज्या मुलाचा अथवा मुलीचा आवाज मोकळा आहे, त्याच्याकडून पहिली ओळ म्हणवून घ्यावी आणि वर्गाने तो स्वर उचलावा. पेटी असल्यास मुलांसाठी मधल्या सप्तकातील पांढरी दोन हा षड्ज धरून पाहावा. वरील चाल त्यांना त्या स्वरात सहज झेपते. स्वर फार उंच ठेवल्यास मुले ओरडतात. ओरडणे हे गाणे नव्हे, हे त्यांना हळू गाऊन दाखवूनच शिकवावे.

सातवी-आठवीतील मुलांचा आवाज वयानुसार फुटू लागतो. अशा वेळी त्यांस वरच्या पट्टीत गाण्याचा आग्रह करू नये व हसूही देऊ नये. त्यांच्याकडे ठेका, झांज किंवा खालच्या स्वरातील धृपद सोपवावे. या वयात एकदा 'तुझा आवाज गेला' असे ऐकलेला मुलगा पुढे आयुष्यभर गाण्याचे नाव काढीत नाही.

धैर्याच्या पायऱ्या

धैर्य उपदेशाने येत नाही. ते क्रमाने वाढवावे लागते. त्यासाठी पुढील क्रम उपयुक्त ठरेल.

पहिली पायरी : शिक्षकाने स्वतः गावे. त्याचा आवाज सामान्य असला तर उत्तमच. सामान्य आवाजातही गाता येते, हे मुलांना त्यावरूनच कळते. चूक झाल्यास शांतपणे थांबून ओळ पुन्हा घ्यावी.

दुसरी पायरी : संपूर्ण वर्गाने गावे. नमनातील झीलकऱ्यांप्रमाणे शिक्षकाने ओळ सांगावी आणि वर्गाने झेलावी. द्विशिक्षकी शाळेत दोन-तीन इयत्ता एकत्र बसतात. तेथे मोठ्यांनी ओळ सांगावी व लहानांनी धृपद धरावे. एरवी अडचणीची वाटणारी बहुवर्ग व्यवस्था या कामी सोयीची ठरते.

तिसरी पायरी : वर्गाचे दोन भाग करून शक्ति-तुऱ्याप्रमाणे एकाने पहिली ओळ व दुसऱ्याने दुसरी ओळ म्हणावी. पुढे चार-चारांचे गट करावेत, नंतर जोड्या.

चौथी पायरी : एकट्याने गाणे. ते नेहमी स्वेच्छेने असावे. एका ओळीपासून आरंभ करावा आणि पुढील ओळ वर्गाने उचलावी, म्हणजे मूल एकटे पडत नाही. गाण्यास गुण देऊ नयेत. शाळाभेटीस आलेल्या अधिकाऱ्यानेही कोणा मुलास अचानक उभे करून गावयास लावू नये. वर्गाने मिळून गायिलेली कविता ऐकावी.

यात गावाचे साहाय्य अवश्य घ्यावे. वाडीतील मृदंग वाजविणारा, भजनाचा बुवा, ओव्या ठाऊक असलेली एखादी आजी यांना महिन्यातून एकदा शाळेत बोलवावे. ज्या पालकास शाळेत येण्याचा संकोच वाटतो, त्यास आपल्या विद्येसाठी बोलावणे आल्याचा आनंद होतो, आणि मुलाला आपले घर व आपली शाळा ही एकाच जगाची आहेत असे वाटू लागते.

काही सावधगिरी

चाल शब्दांच्या सेवेसाठी असते. स्वरासाठी शब्द मध्येच तोडू नये, ऱ्हस्वाचे दीर्घ करून अर्थ बिघडवू नये. शोकाची कविता उड्या मारणाऱ्या ठेक्यावर आणि मौजेची कविता रडक्या स्वरात बसवू नये. चित्रपटगीताची चाल मुलांना लवकर येते, परंतु ती गाताना त्यांच्या मनात मूळ गाण्याचेच शब्द घोळतात. म्हणून ती शक्यतो टाळावी. तसेच प्रत्येक कविता गावयाची नसते. मुक्तछंदातील कविता विरामांचे भान ठेवून, बोलल्यासारखी वाचावी. तिला ओढून चाल लावणे हा तिच्यावर अन्यायच होय. अर्थविवरण सोडावयाचे नाही, केवळ त्याचा क्रम बदलावयाचा आहे : आधी कविता कंठात यावी, मग तिचा अर्थ विचारावा. तोंडपाठ झालेल्या ओळीविषयी मूल आपण होऊन प्रश्न विचारू लागते.

या दृष्टीने प्रत्येक शिक्षकाने आपल्या इयत्तेच्या पाठ्यपुस्तकातील एक कविता निवडावी, तिच्या मात्रा मोजाव्यात, गावातील एक चाल तिला लावून पाहावी आणि ती आठवडाभर परिपाठात म्हणवून घ्यावी. केंद्राच्या पुढील शिक्षण परिषदेत ती कविता शिक्षकांनी एकमेकांना गाऊन दाखवावी. सहकाऱ्यांसमोर गाताना जो संकोच वाटेल तो नीट लक्षात ठेवावा. वर्गातील मुलाला दररोज तोच वाटत असतो, आणि तो कसा दूर करावा हे त्यावरूनच सर्वांत चांगले कळेल.