प्रश्नातून जन्मलेलं पुराण

मागच्या वर्षी सुट्टीत सांवेरला घरी गेले, तेव्हा रविवारच्या धर्मशिक्षणाचा एक वर्ग माझ्याकडे आला. दहा-बारा मुलं, हिंदी पुस्तक आणि संपवायला चार रविवार. एका मुलाने मध्येच विचारलं, "दीदी, शेजारची आजी रामाच्या मोठ्या गोष्टी सांगते. आपल्याकडे तशी गोष्ट नाही का?" मी म्हटलं, "आधी पाठ पूर्ण करू." पुढच्या रविवारी तो आला नाही.

या सत्रात फादर थॉमस स्टीफन्स यांचं ‘क्रिस्तपुराण’ वाचायला घेतलं, आणि सुरुवातीलाच तो मुलगा पुन्हा भेटला!

स्टीफन्स मूळचे इंग्लंडचे, जेझुइट. 1579 साली ते गोव्यात आले आणि आयुष्याची उरलेली चाळीस वर्षं बहुतेक साष्टी भागातच राहिले. 1616 मध्ये राशोल इथे त्यांचं क्रिस्तपुराण रोमन लिपीत छापलं गेलं. जवळजवळ अकरा हजार मराठी ओव्या, दोन भाग: पहिला जुन्या करारावर, दुसरा येशूच्या जीवनावर.

हे पुराण लिहिण्याचं कारण ग्रंथातच आलं आहे. नव्याने ख्रिस्ती झालेल्यांपैकी एक जण पाद्रीगुरूंना विचारतो की, आमची जुनी पुराणं वाचायला तुम्ही मनाई केलीत, मग त्यांच्या जागी दुसरं पुराण का देत नाही? प्रश्न साधा नाही. त्यात तक्रार आहे, दुःखही आहे. मनाई करणाऱ्या सत्तेच्या बाजूचेच स्टीफन्स होते, हे विसरून चालणार नाही. तरी त्यांनी प्रश्न उडवून लावला नाही. लोकांच्या कानाला सवयीची असलेली ओवी घेतली, स्वर्गाला ‘वैकुंठ’ म्हटलं आणि उत्तर म्हणून अख्खं पुराण रचलं.

याच्या उलट उदाहरणही गोव्यातच आहे. 1684 मध्ये व्हाइसरॉयने फर्मान काढलं की लोकांनी तीन वर्षांत स्वतःची भाषा सोडून पोर्तुगीज बोलावी. भाषा काही गेली नाही. क्रिस्तपुराणही हस्तलिखित प्रतींतून टिकून राहिलं आणि 1907 साली मंगळूरला पुन्हा छापलं गेलं. हुकूम विरला, उत्तर मात्र लोकांनी जपलं.

मेंढपाळाच्या सेवेसाठी पुस्तकं, शिबिरं, टिपणं हे सगळं लागतंच. पण मला वाटतं, पहिलं साधन म्हणजे समोरच्याचा प्रश्न. तो ऐकला नाही, तर बाकीची साधनं आपल्याच सोयीची होतात. माझं तसंच झालं: पुस्तक संपलं, मुलगा गेला. आणि हे फक्त पाद्रींपुरतं नाही. वर्ग घेणारे, गायनमंडळ चालवणारे, आपल्या मंडळाचे पदाधिकारी, सगळ्यांनाच ते लागू आहे.

नाताळात घरी जाईन, तेव्हा त्या मुलाच्या घरी जाणार आहे. गोष्ट तयार आहे. पण आधी त्याला विचारेन, तुला नक्की काय ऐकायचं होतं?

चर्चेसाठी: आपल्या गटात शेवटचा अडचणीचा प्रश्न कोणी विचारला होता, आणि आपण त्याचं काय केलं?