डबा सुरात बोलू दे

अगं, भंगारातून वाद्यं करून व्हिडिओ काढणार म्हणतेस, तर खुशाल काढ. आई कुरकुरेल, कुरकुरू दे. पण 'टाकाऊतून टिकाऊ' म्हणून जे कौतुक होतं ना, त्यावर भाळू नकोस. ते पहिल्या व्हिडिओपुरतं. दुसरा लोक ऐकतील तो सुरासाठीच.

धारावीत कचरा वेचणाऱ्या पोरांचा 'धारावी रॉक्स' बँड पिंपं नि डबे घेऊन उभा राहिला. पराग्वेत काटेउरा नावाच्या वस्तीत, कचरा डेपोच्या शेजारी, मुलं तेलाच्या पिंपाच्या चेलोवर बाख वाजवतात. ऐकताना पिंप विसरायला होतं.

तू तुणतुण्यापासून सुरू कर. आपल्या भागात त्याचा आवाज कानात बसलेला असतोच, चुकलं की लगेच कळेल. पत्र्याच्या डब्याच्या तळाला बारीक भोक, त्यातून क्लच वायरचा एक धागा ओवायचा, बाहेरून वॉशर लावून गाठ. डब्याच्या अंगाला बांबू आवळून बांध नि वरच्या खुंटीला तार पीळ. मग वायरिंगच्या पाईपचे तुकडे घे, एक तोंड बुचानं बंद, दुसऱ्यावर फुंकर. ३३ सेंटिमीटरचा 'सा' धरलास, तर २२चा 'प' नि साडेसोळाचा वरचा 'सा'. जरा लांबच काप; घासून कमी करता येतं, वाढवता येत नाही. बाटल्यांची गंमत माहितीय? पाणी वाढवलं की फुंकल्यावर सूर चढतो, चमच्यानं ठोकल्यावर मात्र उतरतो. खुळखुळ्याला घरचं सोयाबीन आहेच.

एकच कडक गोष्ट: फवारणीच्या औषधाचा कॅन कितीही धुतलास तरी घ्यायचा नाही. तोंड लावायच्या वाद्याला तर नाहीच नाही.

पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेत अरविंद गुप्तांनी कचऱ्यातून खेळणी करायच्या छोट्या फिल्म्स केल्यात, त्या बघ. कॅमेरा हातांवर असतो, चेहऱ्यावर नाही. एका फिल्ममध्ये स्ट्रॉची पिपाणी आहे: टोक चपटं करून टोकदार कापायचं, फुंकायचं, नि फुंकता फुंकता कात्रीनं तुकडे पाडत जायचं. सूर चढताना डोळ्यांना दिसतो. मला तर तोच खरा व्हिडिओ वाटतो. आवाज आधी वेगळा घे, पंखा बंद करून, फोन डब्याजवळ ठेवून. चित्र नंतर. दोन्हीच्या सुरुवातीला एक टाळी वाजव, जुळवायला सोपं जातं.

शूटिंगला सगळे तुला येडशीच्या रामलिंगला जा म्हणतील. दरी सुंदर आहे, पण ते अभयारण्य आहे गं, तिथं डबे बडवायचे नाहीत. यवतमाळकडच्या टिपेश्वरहून चालत आलेला वाघही तिथल्या कॅमेऱ्यात दिसलाय २०२४च्या डिसेंबरात; त्याला तुझ्या रियाजाची हौस नसणार. आपलं खळं काय वाईट आहे?

आणि गोंधळी काकांकडून एखादी चाल शिकलीस तर टाकायच्या आधी त्यांना विचार. व्हिडिओत त्यांचं नाव तुझ्या नावाच्या वर लिही, नि चार पैसे आलेच तर त्यांच्या हातात आधी दे.