कुत्र्याचे घर केवढे असावे?

बोरिवली आणि मुलुंड या उपनगरांच्या मधोमध सुमारे १०४ चौरस किलोमीटरचे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान आहे. तिथले बिबटे रात्री वस्तीलगत येतात ते बरेचदा कुत्र्यांसाठी. आपल्या उसातही बिबट्या आहेच, आणि साखळीला बांधलेल्या कुत्र्याला तर पळताही येत नाही. म्हणून रात्रीपुरते बंद घर हवे.

बोरिवलीच्या आमच्या पाहुण्यांनी असे घर केले, पण पिल्लाच्या मापाने! सहा महिन्यांत कुत्र्याला आत वळता येईना. पिल्लू असेल तर त्याचे आई-बाप पाहून अंदाज बांधावा.

मोठ्या कुत्र्याचे माप सोपे. नाकापासून शेपटीच्या मुळापर्यंत टेप लावा, त्यात चौथाई मिळवा. ३२ इंच भरले तर घर ४० इंच लांब. उभ्या कुत्र्याचे डोके २४ इंचांवर असेल तर छत ३० इंचांवर. रुंदी लांबीच्या जवळपास ठेवा, नाहीतर अंग ताणून झोपणार कसे? उगाच खोलीएवढे घर मात्र नको; थंडीत ऊब राहत नाही.

हालचाल करता येणार नाही अशा पिंजऱ्यात जनावर कोंडणे १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे. दिवसा कुत्र्याला फिरवून आणलेच पाहिजे.

जोते सहा इंच उचला, पावसाचे पाणी शिरत नाही. हवेसाठी वेल्डिंगची जाड जाळी लावा. कोंबड्यांची जाळी बिबट्या सहज फाडतो.