सर

वहीत उर्दू लिपीतला 'सीन' लिहा आणि त्याला 'रे' जोडा. जबर, जेर, पेश काहीच देऊ नका. आता वाचा पाहू! कोणी 'सर' वाचील, कोणी 'सिर', तर कोणी 'सुर'. कोणाचेही चुकलेले नाही. या दोन अक्षरांत कितीतरी भाषा दाटीवाटीने बसल्या आहेत.

फारसीत 'सर' म्हणजे डोके. डोके सर्वांत वर असते, म्हणून 'सर' म्हणजे मुख्य. सरदार, सरकार, सरहद हे शब्द तुम्ही घरी उर्दूत बोलता. तुमचे मराठी शेजारीही तेच बोलतात. मराठीने तर हा 'सर' संस्कृत शब्दांनाही जोडला. सरपंच, सरन्यायाधीश हे शब्द नीट पाहा : डोके फारसी आणि धड संस्कृत! शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक 1674 मध्ये झाला, तेव्हा मंत्र्यांना संस्कृत पदव्या मिळाल्या. 'सरनोबत' हा फारसी शब्द जाऊन 'सेनापती' आला. आज मात्र आपण हंबीरराव मोहिते यांना 'सरसेनापती' म्हणतो. गेलेला 'सर' परत आला तो असा.

संस्कृतात डोक्याला 'शिर' म्हणतात. मग 'शिर' बिघडून 'सर' झाले का? नाही. संस्कृत 'शत', तर फारसी 'सद'. त्यावरूनच तुमचा 'सदी' हा शब्द आला. संस्कृत 'शरद', तर फारसी 'साल'. संस्कृतातील 'श' च्या जागी फारसीत 'स' असा पुन्हा पुन्हा दिसतो. 'शिर' आणि 'सर' ही एकाच आजीची नातवंडे आहेत, कोणी कोणाकडून उसने घेतलेले नाही. उर्दूतील 'सिर' मात्र संस्कृताच्या घरातून आला. गाण्यातला 'सुर' हा संस्कृत 'स्वर'. मराठीत तो 'सूर' झाला.

त्याच 'रे' वर तश्दीद द्या. 'सिर्र' म्हणजे गुपित, अनेकवचन 'असरार'. हा शब्द अरबी. त्याचा डोक्याशी काही संबंध नाही.

आता एक फसवा शब्द. हिब्रू भाषेतही 'सर' आहे आणि त्याचा अर्थ सरदार किंवा मंत्री असा होतो! त्याचेच स्त्रीलिंगी रूप 'सारा'. हजरत इब्राहीम यांच्या पत्नीचे हे नाव तुम्हांला ठाऊक आहे. उच्चार तोच, अर्थही जवळचा. तरी फारसी 'सर' शी त्याचे नाते नाही. प्राचीन इराकमधील अक्कादी भाषेत राजाला 'शर्रु' म्हणत. हिब्रू 'सर' त्या घरचा. चेहरा जुळला, पण घराणे वेगळे!

आणि तुमच्या वर्गातले सर? ते इंग्रजीतून आले. या शब्दाचे मूळ लॅटिन भाषेत असून त्याचा अर्थ 'वयाने मोठा' असा आहे. तुमचे सर वयाने अगदी तरुण असले तरी शब्दाने वडीलधारेच ठरतात! हीच पदवी इंग्रज सरकारने सय्यद अहमद खान यांना 1888 मध्ये दिली. 'सर सय्यद' म्हणजे सय्यदांचे डोके नव्हे.

मराठीत पाऊल टाकल्यावर आणखी सावध राहावे लागते. 'मावळ्यांनी गड सर केला' हे तुम्हांला लगेच समजेल, कारण उर्दूतही मोहीम 'सर' करतात. 'बाजूला सर' मधील 'सर' मात्र 'सरकणे' या शब्दाचा भाऊ. गळ्यात मोत्यांचा सर असतो. श्रावणात पावसाची सर येते. 'आईच्या हातच्या भाकरीची सर हॉटेलच्या भाकरीला नाही' असे कोणी म्हटले, तर तेथे 'सर' म्हणजे बरोबरी. अशा वेळी उर्दूतला अर्थ लावू लागलात, तर पावसाचे डोके शोधत बसाल! त्यापेक्षा शेजारचे शब्द पाहा. 'सर आले' असे ऐकू आले, तर आपापल्या जागेवर बसा. 'सर आली' असे ऐकू आले, तर वाळत घातलेले कपडे आत घ्या.

स्वाध्याय
1. 'सर' ने सुरू होणारे पाच शब्द घरातील मोठ्या माणसांना विचारून लिहा. त्यांपैकी कोणत्या शब्दांत 'सर' म्हणजे मुख्य?
2. 'सर आले' आणि 'सर आली' ही वाक्ये उर्दूत लिहा.
3. मराठी व उर्दू या दोन्ही भाषांत असलेला, पण अर्थ वेगळा असलेला 'कल' हा शब्द दोन वाक्यांत वापरा.