आपण कोठले?

सोलापूर जिल्ह्याच्या माढा तालुक्यात मोडनिंब नावाचे गाव आहे. पुण्याहून सोलापूरकडे जाणारा हमरस्ता या गावावरून जातो. येथील मनुष्य शेजारच्या टेंभुर्णीस गेला आणि त्यास कोणी "आपण कोठले?" असे विचारले, तर तो "मोडनिंबचा" असे उत्तर देतो. मुंबईत तोच "सोलापूरकडचा" होतो, दिल्लीत "महाराष्ट्रातला" होतो आणि समुद्र ओलांडताच "भारतातला" होतो. मनुष्य घरापासून जसजसा दूर जातो, तसतसे त्याचे गाव मोठे होत जाते. परदेशातील लोक त्याच्याकडे पाहतात, तेव्हा त्याच्या देशाविषयी त्यांनी जे बरेवाईट ऐकलेले असते, तेही त्यांच्या मनात जागे होते. देशाचा कारभार कोण चालवतो, त्याने आपल्याशी मैत्री केली की वैर, याचा हिशेब त्या एकट्या प्रवाशापुढे मांडला जातो.

याच सोलापूर जिल्ह्यातील एका तरुणास हा अनुभव फार कठीण काळी आला. डॉ. द्वारकानाथ शांताराम कोटणीस यांचा जन्म 1910 साली सोलापूर शहरात झाला. मुंबईस वैद्यकाचे शिक्षण घेऊन ते डॉक्टर झाले. 1937 साली जपानने चीनवर मोठे आक्रमण केले. चिनी सेनापती जू दे यांनी पंडित जवाहरलाल नेहरूंस पत्र लिहून वैद्यकीय मदत मागितली. त्या वेळी भारत स्वतःच पारतंत्र्यात होता. तरीही राष्ट्रीय सभेने लोकांकडून निधी गोळा करून पाच डॉक्टरांचे एक पथक चीनला पाठवण्याचे ठरवले. 1938 साली सुभाषचंद्र बोस राष्ट्रीय सभेचे अध्यक्ष होते. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात हे पथक मुंबई बंदरातून निघाले. डॉ. अटल हे पथकाचे प्रमुख होते, डॉ. चोळकर, डॉ. बसू, डॉ. मुकर्जी आणि डॉ. कोटणीस हे इतर चौघे.

चिनी लोकांच्या मनात भारताची तेव्हा दोन चित्रे होती. एक चित्र फार जुने व प्रेमाचे होते. ज्या भूमीत बुद्ध झाले, ज्या भूमीत सातव्या शतकात ह्युएनत्संग धर्मग्रंथांच्या शोधार्थ आला, ती ही भूमी. दुसरे चित्र अलीकडचे व कडू होते. एकोणिसाव्या शतकात इंग्रज व्यापारी भारतात पिकलेली अफू चीनमध्ये विकत. ती अफू बंद करण्याचा चीनने प्रयत्न केला, तेव्हा झालेल्या युद्धात इंग्रजांच्या बाजूने हिंदी शिपाईही होते. शांघायमधील इंग्रजांच्या वस्तीत हिंदी पोलीस पहारा करीत. हुकूम इंग्रजांचा असला, तरी डोळ्यांस दिसणारा शिपाई हिंदी असे. "हे लोक आमचे मित्र कसे?" असा प्रश्न एखाद्या चिनी शेतकऱ्याच्या मनात आला असता, तर त्यात नवल नव्हते.

अशा प्रश्नास भाषणाने उत्तर देता येत नाही. डॉ. कोटणीस यांनी ते कामाने दिले. चीनमध्ये असतानाच त्यांना वडिलांच्या मृत्यूची वार्ता कळली. पण हाती घेतलेले काम सोडून ते परतले नाहीत. 1939 साली ते येनानला पोहोचले. पुढे ते उत्तरेकडील रणभूमीवर गेले. तेथे औषधे अपुरी, अन्न बेताचे आणि थंडी हाडे गोठवणारी. ते चिनी भाषा शिकले, जखमी सैनिकांवर व गावकऱ्यांवर उपचार करू लागले. एका लढाईत त्यांनी बहात्तर तास झोप न घेता शस्त्रक्रिया केल्या, असे सांगतात. 1941 साली ते बेथ्यून रुग्णालयाचे प्रमुख झाले. चिनी लोक त्यांना 'के दिहुआ' म्हणत. त्यातील 'हुआ' या शब्दाचा अर्थ चीन. त्यांनी कुओ छिंगलान या चिनी परिचारिकेशी विवाह केला. मुलाचे नाव 'यिनहुआ' ठेवले. 'यिन' म्हणजे भारत, आणि 'हुआ' म्हणजे चीन.

श्रमांनी त्यांचे शरीर थकले. 9 डिसेंबर 1942 रोजी, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, अपस्माराच्या झटक्याने त्यांचा अंत झाला. भारत स्वतंत्र झालेला पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते.

पुढे 1962 साली भारत व चीन यांच्यात युद्ध झाले. दोन्ही देशांच्या सरकारांत दुरावा आला आणि सीमेचा तंटा नंतरही मिटला नाही. तरीही शिजियाझुआंग येथील हुतात्म्यांच्या दफनभूमीत डॉ. कोटणीसांची समाधी जतन केली गेली. 1982 साली चीनने त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकिटे काढली. सोलापुरातील त्यांच्या घराचेही स्मारक झाले आहे. राज्यकर्त्यांच्या भांडणाचा राग चिनी लोकांनी या एका भारतीयावर काढला नाही.

देशाचे राजकारण परदेशी गेलेल्या मनुष्याच्या हाती नसते. त्याविषयी कोणी टोचून बोलले, तर त्यास वाईटही वाटते. अशा वेळी खरे असेल ते मान्य करावे, खोटे असेल ते शांतपणे सांगावे, आणि आपले वर्तन असे ठेवावे की, विचारणाऱ्याच्या मनातील चित्रात थोडी भर पडावी. मोडनिंबच्या रस्त्यावरून उद्या एखादा मुलगा किंवा मुलगी दूरदेशी जाईल. तेथे "आपण कोठले?" असे कोणी विचारले, तर त्या उत्तराची तयारी येथूनच, गावातील शाळेपासूनच, सुरू झालेली असेल.

स्वाध्याय
1. चिनी लोकांच्या मनात भारताची कोणती दोन चित्रे होती? ती कशामुळे निर्माण झाली?
2. 'यिनहुआ' या नावातून डॉ. कोटणीसांची कोणती भावना दिसते?
3. आपल्या गावी परगावचा मनुष्य आला असता आपण त्याच्या गावाविषयी कोणत्या कल्पना बाळगतो? त्या कोठून आलेल्या असतात, ते दहा ओळींत लिहा.