सौर पॅनेल : वॅट विकत घेतले, पदरात किती पडले?

मागच्या सुट्टीत गावी गेलो असता वडील म्हणाले, "अरे, तू दोह्याहून पैसे पाठवलेस, शंभर वॅटचं पॅनेल बसवलं, पण रात्री नऊच्या आत दिवे मंद होतात." पॅनेल उत्तम होते. चूक जोडणीत होती.

वीजशक्ती म्हणजे व्होल्ट गुणिले अँपिअर. आमचे पॅनेल भर उन्हात १८ व्होल्टवर साडेपाच अँपिअर, म्हणजे सुमारे १०० वॅट देते. पण साधा कंट्रोलर पॅनेलला थेट बॅटरीच्या १३ व्होल्टवर खेचतो. अँपिअर जवळपास तेवढेच राहतात, म्हणून पदरात पडतात जेमतेम ७२ वॅट!

मोटेचा बैल आठवा. ओझे फार झाले तर तो जागीच थांबतो. ओझेच नसेल तर नुसता चालतो, पाणी येत नाही. योग्य ओझ्यालाच सर्वांत जास्त पाणी निघते. पॅनेलचेही तसेच, आणि हे 'योग्य ओझे' दिवसभर बदलत असते. ढग आला की अँपिअर घटतात. पॅनेल तापले की दर अंशाला शक्ती साधारण ०.३ ते ०.४ टक्के कमी होते.

'एमपीपीटी' कंट्रोलर हा बिंदू सतत शोधतो. व्होल्ट किंचित बदलतो. शक्ती वाढली तर त्याच दिशेने पुढे जातो, घटली तर मागे फिरतो. मात्र पॅनेलच्या काही भागावरच सावली पडली, तर तो लहान शिखरालाच मोठे समजून अडकू शकतो.

आपल्या कतारमध्ये ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेल्या अल खरसाह येथील ८०० मेगावॅटच्या प्रकल्पातही काळजी तीच. तेथे पॅनेल सूर्यासोबत वळतात आणि यंत्रमानव त्यांवरची धूळ पुसतात.

गावी पैसे पाठवण्यापूर्वी एवढे पाहावे :

१. कंट्रोलर खरोखर एमपीपीटी आहे का, हे माहितीपत्रकात तपासावे. लहान संचात त्याच किमतीत दुसरे पॅनेल येत असेल, तर तोही हिशेब करावा.

२. छताचे उतार दोन दिशांना असतील, तर इन्व्हर्टरला प्रत्येक दिशेसाठी स्वतंत्र एमपीपीटी असावा.

३. नारळाची किंवा पाण्याच्या टाकीची सावली टाळावी.

४. पॅनेल पहाटे, थंड असताना पुसावे.

आम्ही कंट्रोलर बदलला. परवा वडिलांचा फोन आला, "आता दहाच्या बातम्या पाहूनच झोपतो!"